विलंब माफीचा अर्ज

आमच्या अक्काच्या हातांविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. परंतु लेखणी हाती घेतली की ती पुढे सरकत नसे. वकिलाला दुसऱ्याची कैफियत लिहिण्याची सवय असते. स्वतःची लिहावयास बसला म्हणजे त्याचे शब्द अडतात. तरी आज लिहावयाचेच असे ठरविले आहे. कारण या मासिकाच्या वाचकांत आमच्या अक्कासारख्या अनेक अक्का, मावश्या आणि वहिनी असतील, आणि त्यांच्यामागे आमच्यासारखे स्वतःस शहाणे म्हणविणारे भाऊही असतील.

अक्का आमच्याहून दहा वर्षांनी मोठी. गावच्या देवळातील उत्सवाच्या आदल्या रात्री घरोघरच्या बायका ओसरीवर बसून अबोलीचे वळेसर करीत, त्यांत अक्काचा हात सर्वांत जलद चाले. भिजविलेल्या केळीच्या सोपटाचा दोरा, दोन बोटांच्या चिमटीत धरलेली चार फुले, तिसऱ्या बोटाने दिलेला फेर आणि अंगठ्याने आवळलेली गाठ, हे सारे ती हातांकडे न पाहता करी. आम्ही शेजारी बसून पाढे म्हणत असू आणि चुकलेला पाढा ती फुले ओवता ओवताच दुरुस्त करी. १९९२ साली तिचे लग्न झाले आणि ती माळव्यात देवासला गेली. जाताना तिने अबोलीची रोपे नेली. माळव्याच्या काळ्या मातीत ती जगली, आणि नवरात्रात देवासच्या टेकडीवरील तुळजाभवानीला आमच्या गोमंतकातील अबोलीचा वळेसर जाऊ लागला.

देवास हे गाव मोठे मौजेचे. पवार घराण्यातील तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे राज्य थाटले आणि पुढे त्याच्या दोन पात्या झाल्या. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. नगर एकच, परंतु राजे दोन, दरबार दोन, कचेऱ्या दोन. १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत हा कारभार चालला. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्याने १९५३ साली देवासवर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याच्या नावातली टेकडी ती हीच. टेकडीवरही देवी दोनच; थोरली माता तुळजाभवानी आणि धाकटी माता चामुंडा. या दोन पात्यांची आठवण आम्हाला पुढे भलत्याच ठिकाणी होणार होती. म्हणून ती येथे सांगून ठेवली.

आता धारचा विषय. धार हेही पवारांचेच संस्थान. इंदुराच्या एका अंगास देवास, दुसऱ्या अंगास धार. भावोजींचे वडिलार्जित घर धारला. त्या घराच्या दाव्याचा निकाल २०१३ च्या पावसाळ्याअखेर दिवाणी न्यायालयात त्यांच्या विरुद्ध गेला. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवसांची. आम्ही मुंबईहून रातोरात निघालो. निकालाची नक्कल मिळविणे, कागदपत्रांची छाननी, धारच्या वकीलसाहेबांशी मसलत, मुद्द्यांची मांडणी, यांत आम्ही एक दिवसही वाया जाऊ दिला नाही आणि मुदतीच्या आत अपील दाखल झाले. त्याचा आम्हाला अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे.

त्या धावपळीत देवासला अक्काकडे मुक्काम होता. सकाळी तिने चहा आणला तो कप दोन्ही तळहातांच्या ओंजळीत धरून. कान धरला नव्हता. आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सकाळी बोटे उघडत नाहीत रे, बाबा. नऊ-दहा वाजले की मग सुटतात." आम्ही समोरच्या कागदांवरून नजर न काढता म्हणालो, "माळव्याची थंडी. वात असेल. तेल लाव." साक्षीदाराच्या डोळ्याची पापणी लवली तरी टिपून ठेवणाऱ्या या वकिलाने त्या दिवशी सख्ख्या बहिणीची साक्ष अशी निकालात काढली.

त्यानंतर पावणेदोन वर्षे गेली. तेलाची मालीश झाली, गरम वाळूचा शेक झाला, शेजारणीने सांगितलेली चूर्णे झाली. गल्लीतील एका डॉक्टरांची सुई झाली. त्या सुईने आठ-दहा दिवस स्वर्ग दिसे आणि मग दुखणे दुप्पट होऊन येई. पुढे कळले की सुईत कॉर्टिसोनच्या कुळातील औषध होते. ते औषध लबाड नव्हे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी ते संधिवाताच्या रोग्याला प्रथम दिले आणि १९५० साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. परंतु निदान न करता दिलेली ती सुई म्हणजे आग न विझविता घंटेचा आवाज बंद करण्यासारखे होते.

येथे कोणी आपल्या वैद्यकाला दोष देऊ नये. माधवकराच्या 'माधवनिदान' ग्रंथात, म्हणजे बाराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, आमवात हा स्वतंत्र रोग म्हणून वर्णिला आहे. सांध्यांची सूज, जडपणा, अन्नावरची वासना उडणे, ताप, आणि विंचू डसल्यासारखी वेदना, ही त्याची लक्षणे त्याने सांगितली आहेत. आजचे पुष्कळ वैद्य आणि डॉक्टर आमवाताला 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस' या रोगाच्या अगदी जवळचा मानतात. ज्या धारला आम्ही अपिलासाठी हेलपाटे घालीत होतो त्या धारेच्या भोजराजाच्या नावावरही 'राजमार्तंड' नावाचा वैद्यकग्रंथ सांगितला जातो. तेव्हा दुखण्यांत भेद असतो, सगळाच वात एक नव्हे, हे पूर्वजांना पक्के ठाऊक होते. 'वात आहे' म्हणून सगळे एका पोत्यात भरणारे ते आम्ही.

२०१५ च्या उन्हाळ्यात अक्काला इंदुरास संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी दोन्ही हात हातांत घेऊन एकेक सांधा दाबून पाहिला. मनगटे, बोटांची मुळे आणि मधले सांधे, दोन्ही हातांचे सारखेच सुजलेले. नखांजवळचे सांधे मात्र मोकळे. म्हातारपणाच्या झिजेत बहुधा याच्या उलट असते, असे त्या म्हणाल्या. रक्ताच्या तपासणीत या रोगाची ओळख पटविणारी प्रतिद्रव्ये निघाली. क्ष-किरणाच्या चित्रात बोटांच्या मुळांशी हाडांच्या कडा दोन ठिकाणी कुरतडलेल्या दिसल्या. आम्ही विचारले, "ही झीज भरून येईल ना?" त्यांनी चित्र खाली ठेवले आणि त्या म्हणाल्या, "ही झीज नाही. हे काम आहे. सांध्यातल्या पेशींनी केलेले."

हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. यंत्र झिजते हे आम्हाला समजते. पण शरीरातील पेशीच आपल्या सांध्याचे हाड कुरतडतात, हे कसे? त्या रात्रीपासून आम्ही या विषयावरचे जे मिळेल ते वाचू लागलो, आणि डॉक्टरीणबाईही दर खेपेला थोडे थोडे समजावून सांगू लागल्या. आम्हाला जे उमगले ते आमच्याच धंद्याच्या भाषेत सांगतो.

निरोगी सांध्याला आतून एक अस्तर असते. ते इतके नाजूक की त्यात पेशींचे जेमतेम दोन-तीन थर. त्यांत दोन जातींचे रहिवासी. एक भक्षक पेशी. या केरकचरा आणि जंतू गिळून सांधा स्वच्छ ठेवतात. दुसऱ्या 'फायब्रोब्लास्ट' जातीच्या. या सांध्याला वंगण पुरवितात, ज्याच्या बळावर अक्काची बोटे न कुरकुरता फुले ओवीत होती. या पेशींच्या अंगावर रेणूंची बनलेली सूक्ष्म दारे असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'रिसेप्टर' म्हणतात. आपण ग्राही म्हणू. एका पेशीने दुसरीला काही सांगावयाचे असेल तर ती एक रासायनिक निरोप सोडते. तो निरोप पेशीच्या आत जात नाही. दारावर येऊन बसतो. समन्स बजावणारा बेलीफ घरात शिरत नाही, दारावर कागद डकवितो, आणि तेवढ्यानेच घरात धावपळ उडते, तसाच हा प्रकार.

शरीरात जंतू शिरला म्हणजे भक्षक पेशी जो धोक्याचा निरोप सोडतात त्याचे नाव 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', थोडक्यात टी.एन.एफ. हा निरोप तीन सारख्या भागांचा असतो. तो ग्राहींवर बसला की ते ग्राही जवळ ओढले जाऊन एकत्र येतात, आणि त्यांच्या एकत्र येण्यानेच पेशीच्या आतील बाजूस कामाची साखळी सुरू होते. एक प्रथिन दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला जागे करते, आणि शेवटी 'एन.एफ.-कप्पा-बी' नावाचा एक अधिकारी पेशीच्या केंद्रात शिरून कपाटे उघडतो. मग हुकूम सुटतात. आणखी निरोप धाडा, रक्तातून आणखी सैनिक बोलवा, कूर्चा विरघळविणारी पाचके सोडा. जखम झाली असता हे सर्व योग्यच असते. काम आटोपले की हुकूम उठतो आणि घर शांत होते.

आमवाताच्या सांध्यात हुकूम उठत नाही. एकतर्फी दिलेला तात्पुरता हुकूम कोणी उठवावयास जात नाही आणि तो कायमचाच होऊन बसतो, तसे काहीसे. भक्षक पेशी टी.एन.एफ. सोडतात, ते फायब्रोब्लास्टच्या दारावर बसते, फायब्रोब्लास्ट नवे निरोप सोडून भक्षक पेशींना अधिक चेतवितात. दोन-तीन थरांचे अस्तर दहा-बारा थरांचे होते, फुगते, आणि जिवंत बुरशीसारखे कूर्चेवर पसरत जाते. शिवाय या चेतलेल्या पेशी आणखी एक निरोप धाडतात, त्याने हाडे विरघळविणाऱ्या पेशी जाग्या होतात. अक्काच्या क्ष-किरण चित्रातील त्या दोन कुरतडलेल्या कडा ही त्यांची कामगिरी.

आता देवासच्या दोन पात्यांची आठवण का झाली ते सांगतो. टी.एन.एफ. हा निरोप एकच, परंतु त्याची दारे दोन प्रकारची आहेत. पहिला ग्राही जवळजवळ सर्व पेशींवर असतो. आग पेटविण्याचे, आणि प्रसंगी पेशीला मरण स्वीकारावयास लावण्याचे काम मुख्यतः त्याचे. दुसरा मोजक्याच पेशींवर, विशेषतः संरक्षक पेशींवर असतो. डागडुजी करणाऱ्या आणि भांडण आवरणाऱ्या पेशींना तो बळ देतो. एकाच नगरात एकच जासूद येतो, परंतु थोरल्या पातीच्या कचेरीत गेला तर एक फर्मान निघते, धाकटीच्या कचेरीत गेला तर दुसरेच. म्हणून निरोपालाच दुष्ट म्हणता येत नाही. तो कोणत्या दारावर, किती वेळ आणि किती संख्येने बसला यावर सारे अवलंबून.

दुसरा एक निरोप 'इंटरल्यूकिन-६'. त्याची रीत याहून चमत्कारिक. फायब्रोब्लास्टच्या अंगावर त्याचे स्वतःचे दार फारसे नसते. परंतु हे दार इतर पेशींपासून सुटून सांध्यातील द्रवात तरंगत असते. निरोप त्या तरंगत्या दारावर बसतो, आणि दोघे मिळून फायब्रोब्लास्टच्या दुसऱ्याच, सर्वत्र असणाऱ्या उंबऱ्यावर येऊन ठाकतात. ज्याच्या नावे समन्स नाही त्याच्यावरही बजावणी होते! हाच निरोप रक्तातून यकृतापर्यंत पोचतो आणि 'सी.आर.पी.' नावाचे प्रथिन वाढवितो. म्हणून बोटांच्या दुखण्याचा पुरावा दंडाच्या रक्तात सापडतो. रक्त कमी होण्यामागे आणि दिवसभराच्या थकव्यामागेही याचा हात असतो. अक्का दुपारी जेवणानंतर भिंतीला टेकून बसे, आणि आम्ही म्हणत असू, "वयाबरोबर आळशी झालीस." त्या शब्दांची लाज आजही वाटते.

परंतु आम्हाला सर्वांत अस्वस्थ केले ते पुढच्या गोष्टीने. १९९६ साली शास्त्रज्ञांनी आमवाताच्या रोग्यांच्या सांध्यातील फायब्रोब्लास्ट पेशी निरोगी मानवी कूर्चेच्या तुकड्याबरोबर, स्वतःची प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या शरीरात ठेवल्याचे प्रसिद्ध झाले. तेथे हुकूम देणाऱ्या मानवी भक्षक पेशी नव्हत्या, प्रतिद्रव्ये नव्हती, निरोपांचा मारा नव्हता. तरीही त्या पेशी कूर्चेत शिरून ती पोखरू लागल्या. फार काळ हुकूम पाळून पाळून त्यांच्या अंगी ते काम मुरले होते. आता हुकूम देणारा नसला तरी त्या ते करीत होत्या. म्हणून डॉक्टर सांगतात की या रोगात पहिले तीन ते सहा महिने फार मोलाचे. त्या अवधीत निरोप थांबविले तर घर पुन्हा शांत होण्याची आशा मोठी. नंतर आग आवरता येते. परंतु कुरतडलेले हाड जवळजवळ कधीच पूर्ववत होत नाही, आणि बिघडलेली पेशी सहसा आपली जुनी वाट विसरत नाही.

हे वाचले त्या दिवशी आम्हाला मुदतीच्या कायद्याचे कलम ५ आठवले. १९६३ च्या या कायद्याने वकिलांवर मोठे उपकार केले आहेत. अपिलाला उशीर झाला तरी पुरेसे कारण दाखविले तर न्यायालय विलंब माफ करू शकते. आजारपण, प्रवास, गैरसमज, काय काय कारणे आम्ही अशा अर्जांत मांडली असतील! आमच्या अक्काच्या सांध्यापुढेही आम्ही मनातल्या मनात तोच अर्ज मांडला. थंडी होती, धारचे अपील होते, वात वाटला, ती स्वतः काही बोलली नाही. परंतु शरीराच्या कायद्यात कलम ५ नाही. घरासाठीच्या तीस दिवसांतला एकही दिवस आम्ही वाया जाऊ दिला नव्हता. हातांसाठीचे तीन महिने गेले, सहा गेले, एकवीस गेले, आणि आम्ही कागदही हलविला नाही.

असो. उपचार सुरू झाले. प्रथम 'मेथोट्रेक्सेट', आठवड्यातून एकच दिवस. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते, हे डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावले आणि भावोजींनी कालनिर्णयावर दर सोमवारी लाल खूण केली. हे औषध ज्या संशोधनातून निघाले त्याची धुरा अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्रच्या भीमावरम येथे जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. ते १९४८ साली निवर्तले. आणि हे औषध अमेरिकेत या रोगासाठी रीतसर मान्य होण्यास १९८८ साल उजाडले. त्याने अक्काची सूज निम्मी उतरली. उरलेली निम्मी हटेना.

तेव्हा २०१७ साली दाराशीच निरोप अडविणाऱ्या औषधाचा विचार झाला. त्याचा इतिहास वाचकांस रुचेल. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी हे दोन संशोधक या प्रश्नामागे लागले होते; मैनींचा जन्म १९३७ साली लुधियानाचा. निरोप तर डझनावारी. एकाला अडवून काय होणार, असे पुष्कळांना वाटे. परंतु १९८९ साली त्यांच्या चमूने रोग्यांच्या सांध्यातील पेशी काचपात्रात वाढवून दाखविले की एकटे टी.एन.एफ. अडविले तर त्याच्या मागचे इतर निरोपही ओसरतात. हा साखळीतला वरचा दुवा होता. १९९२ साली, म्हणजे अक्का नवी नवरी म्हणून देवासला गेली त्याच वर्षी, लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रोग्यांना हे अडविणारे प्रतिद्रव्य देण्यात आले. पहिली पाहणी अवघ्या वीस रोग्यांची. परंतु गुण आला. २००३ साली या दोघांस लास्कर पारितोषिक मिळाले.

अक्काला सांगितलेल्या औषधाची युक्ती तर आम्हाला फारच आवडली. 'इटानरसेप्ट' हे त्याचे नाव. १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. टी.एन.एफ.च्या दुसऱ्या ग्राहीचा, म्हणजे आमच्या धाकट्या पातीच्या दाराचा, बाहेरचा भाग घेऊन तो प्रतिद्रव्याच्या दांड्याला जोडलेला असतो. ज्यामागे घर नाही असे हे नुसते दार रक्तात हिंडते. जासूद येतो, त्याला खरे दार समजून त्यावर कागद डकवितो, आणि समाधानाने थांबतो. आत कोणीच नसते. आपले शरीरही थोड्या प्रमाणात अशी सुटी दारे स्वतः सोडीत असते. ती अपुरी पडतात, एवढेच. यापुढची काही औषधे इंटरल्यूकिन-६ च्या ग्राहीला झाकतात, तर २०१२ पासून अमेरिकेत मान्य झालेली 'टोफासिटिनिब'सारखी गोळी पेशीच्या आत जाऊन दारामागचा निरोप्याच अडविते. पूर्वी ही औषधे केवळ श्रीमंतांची होती. २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने याच कुळातील अडॅलिम्युमॅब या औषधाची जगातील पहिली समरूप आवृत्ती भारतात आणली. तरी मध्यमवर्गीय घराला हा खर्च हिशेब मांडूनच करावा लागतो. भावोजींनी तो मांडला आणि वही मिटून म्हणाले, "करू."

परंतु सुई टोचण्याआधी डॉक्टरीणबाईंनी क्षयाची तपासणी सांगितली. आम्ही चकित झालो. बोटांना क्षयाशी काय देणे? उत्तर ऐकून देवास पुन्हा समोर उभे राहिले. आपल्या देशात असंख्य लोकांच्या फुप्फुसांत क्षयाचे जंतू झोपलेले असतात. संरक्षक पेशी त्यांच्याभोवती भिंत रचून त्यांना कोंडून ठेवतात, आणि ती भिंत उभी ठेवण्याचे काम करतो तो हाच टी.एन.एफ. निरोप. सांध्यात जो घर पोखरतो तोच फुप्फुसात पहारा करतो. त्याला अडविले की भिंत ढासळते आणि क्षय जागा होतो. २००१ साली या धोक्याची नोंद जगापुढे आली.

देवासला क्षयाची कथा कोणाला ठाऊक नाही? बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने ग्रासलेले असताना कोरड्या हवेसाठी या गावी आले. ज्यांचे गाणे ऐकावयास दिग्गज बसत त्यांना काही वर्षे गाण्यास मनाई होती. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचे नवे औषध मिळाले आणि ते पुन्हा गाऊ लागले. एका फुप्फुसाचे बळ गेले ते गेले, पण त्या उरलेल्या श्वासातून त्यांनी आपली गायकी नव्याने घडविली. टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल' या वास्तूत ते राहिले आणि १९९२ साली देवासलाच त्यांनी देह ठेवला. अक्काच्या तपासणीत झोपलेल्या क्षयाची खूण निघाली, तेव्हा ती हसून एवढेच म्हणाली, "म्हणजे मी आता खरी देवासकर झाले." आधी क्षयावरच्या गोळ्या सुरू झाल्या, महिना गेला, आणि मग पहिली सुई. या खेपेचा विलंब मात्र आम्हाला जाचला नाही. तो विचारपूर्वक होता.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी अक्काने कपाचा कान धरून चहा आणला. कोणी काही बोलले नाही. भावोजींनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले ते बराच वेळ खाली केले नाही.

आज तिच्या हातांची सूज नाही, वेदना नाही म्हणावी इतकी थोडी. परंतु उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली ती तशीच राहिली. चिमूट बसत नाही. धारचे अपील मंजूर झाले, घर भावोजींना मिळाले; त्या घराच्या दाराचे मोठे कुलूप अक्काला उघडत नाही. एकदा ती दारात उभी राहून आपल्या हातांकडे पाहत आम्हाला म्हणाली, "हे हात आतां म्हजे न्हय रे." तिने तक्रार म्हणून म्हटले नव्हते. आम्ही किल्ली घेऊन कुलूप उघडले. दुसरे काय करणार होतो?

अलीकडे पाहण्यांवरून असे दिसते की हा रोग काही दुर्मिळ नव्हे. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी १९९६ पासून डॉक्टरांनी घरोघर जाऊन जी पाहणी केली, तीत हजार प्रौढांमागे पाचांच्या आसपास रोगी आढळले. आपल्या एखाद्या मोठ्या उत्सवाच्या पंगतीत त्यांची संख्या किती होईल ते वाचकांनीच मोजावे. आणि त्यांत पुरुषाच्या मागे स्त्रिया दोन-तीन असतात हेही ध्यानात घ्यावे. ज्या स्त्रीची बोटे सकाळी अर्धा-पाऊण तासाहून अधिक आखडतात, दोन्ही हातांचे सांधे सुजतात, आणि हे सहा आठवडे टिकते, तिला तेलाची बाटली देऊ नये, तज्ज्ञाकडे न्यावे. तपासणीत काही न निघाले तर आनंद मानावा.

गेल्या चैत्रात मडगावहून आमच्या मावसबहिणीचा दूरध्वनी आला. तिच्या मुलीला सकाळी पोळी लाटता येईना. तीन आठवडे झाले होते. आमच्यासमोर दुसऱ्या दिवशीच्या सुनावणीचे कागद पसरलेले होते. आम्ही ते बाजूला सारले आणि त्याच दिवशी तिला तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळवून दिली. तो आमवात निघाला नाही. दुसरेच काही साधे दुखणे होते आणि ते दोन महिन्यांत बरे झाले. घरात कोणी म्हणाले, उगाच घाई केली, पैसे गेले.

अक्काला हे सांगितले तेव्हा ती ओसरीवर बसली होती. शेजारी तिची सून वळेसर ओवीत होती. अक्का चार चार फुले मोजून तिच्या हातात देत होती, कारण तेवढे तिला जमते. तिने फुले देणे थांबविले नाही. मान हलवून म्हणाली, "बेगीन गेलें तें बरें जालें."